कुरळ्या केसांची निगा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न : अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केशनिगेचा इतिहास

प्रस्तावना

केस हा इतिहासलेखनात बहुधा दुर्लक्षित राहिलेला विषय आहे. राज्यव्यवस्था, अर्थकारण आणि सामाजिक चळवळी यांच्या तुलनेत तो किरकोळ वाटतो. परंतु ज्या समाजात माणसाचा दर्जा त्याच्या शरीरावरून ठरविला गेला, तेथे केस कसे धुवावेत, कसे विंचरावेत आणि कसे ठेवावेत हे प्रश्न केवळ खाजगी राहत नाहीत. अमेरिकेतील गुलामगिरीच्या उच्चाटनाची दखल महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्येच घेतली होती व आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्या कार्यातील अमेरिकन लोकांना अर्पण केला होता. मात्र गुलामगिरी कायद्याने संपली तरी तिने रुजविलेले सौंदर्याचे निकष टिकून राहिले. केसांची निगा आणि केसांचे सरळीकरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत प्रथम बाजारपेठेने व पुढे न्यायव्यवस्थेने केली, आणि ती दूर होण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

१. केसांची रचना आणि निगेचे तत्त्व

कुरळ्या केसाचे मूळ त्वचेखाली वक्र असते व त्याचा छेद वर्तुळाकार नसून लंबगोल असतो. डोक्याच्या त्वचेतून स्रवणारे तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. वळणावळणाच्या केसाच्या टोकापर्यंत ते पोहोचत नाही. त्यामुळे कुरळे केस कोरडे राहतात आणि वळणाच्या जागी लवकर तुटतात.

केराटिन या प्रथिनाने बनलेल्या केसाला आकार देणारे दोन प्रमुख बंध आहेत. हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात व केस वाळताना पुन्हा जुळतात. डायसल्फाइड बंध मात्र टिकाऊ असून ते तीव्र रसायनांनीच तुटतात. बटांचा रेखीवपणा वाढविण्याची रीत पहिल्या बंधांवर आधारलेली आहे. केस ओले व कंडिशनरने निसरडे असतानाच बोटांनी किंवा रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून मुळांकडे गुंता सोडवावा, ओलसर केसांनाच जेल लावावे, मऊ सुती कापडाने न घासता पाणी टिपावे आणि वाळेपर्यंत हात लावू नये, असे ही रीत सांगते. केस ज्या स्थितीत वाळतात त्या स्थितीत बंध जुळतात. कोरड्या केसांतून कंगवा फिरविल्यास एका बटेत आलेले केस सुटे होऊन पिंजारतात. अतिकुरळ्या केसांना रोजचे विंचरणे सोसत नाही. सैलसर वेण्या किंवा पीळ घातल्यास टोके सुरक्षित राहतात आणि ओढाताण कमी होते. अशा केसांच्या बाबतीत वेणी ही शोभेइतकीच संरक्षणाचीही बाब आहे. पुढील विवेचनात हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

२. निर्बंधाकडून उद्योगाकडे

लुइझियाना प्रांत स्पेनच्या ताब्यात असताना १७८६ मध्ये गव्हर्नर एस्तेबान मिरो याने स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस वस्त्राने झाकावेत, असा आदेश काढला. केस ही सामाजिक पायरीची खूण मानली जात होती, याचा हा लेखी पुरावा होय.

गुलामगिरी संपल्यानंतर केशनिगेचा व्यवसाय उभा राहिला तो कृष्णवर्णीय स्त्रियांच्याच पुढाकाराने. ॲनी टर्नबो मलोन यांनी सेंट लुइस येथे 'पोरो' या नावाने उत्पादने विकली आणि १९१८ मध्ये पोरो कॉलेज ही संस्था उभारली. एकेकाळी त्यांच्याच उत्पादनांची विक्री करणाऱ्या सारा ब्रीडलव्ह (१८६७-१९१९) पुढे मॅडम सी. जे. वॉकर या नावाने प्रसिद्धीस आल्या. सातव्या वर्षी पोरक्या झालेल्या, विसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या आणि कपडे धुऊन उदरनिर्वाह केलेल्या या स्त्रीने १९१० मध्ये इंडियानापोलिस येथे उद्योगाचे मुख्यालय नेले.

वॉकर यांनी केस सरळ करण्याचा तापता कंगवा शोधून काढला, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. तसे कंगवे त्यांच्याआधीच वापरात होते. त्यांच्या पद्धतीत तापता कंगवा होता हे खरे. परंतु डोक्याच्या त्वचेची स्वच्छता, केस वरचेवर धुणे आणि गंधकयुक्त मलम यांवर त्यांचा विशेष भर होता. घरोघरी नळाचे पाणी नसलेल्या त्या काळात त्वचाविकारांमुळे केस गळणे ही स्त्रियांची खरी तक्रार होती. १९१७ मध्ये फिलाडेल्फिया येथे भरलेल्या त्यांच्या विक्रेत्या स्त्रियांच्या अधिवेशनाने जमावहत्येविरुद्ध कायदा करावा, अशी मागणी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्याकडे तारेने केली. या उद्योगाकडे केवळ गौरवर्णीय रूपाचे अनुकरण म्हणून पाहिले, तर त्याने स्त्रियांना दिलेला रोजगार आणि सार्वजनिक आवाज नजरेआड होतो.

३. सरळीकरणाचे रसायन

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सरळीकरण हेच निगेचे दुसरे नाव झाले. कॉस्टिक सोड्याचे मिश्रण डायसल्फाइड बंध तोडून केस कायमचे सरळ करते. ते त्वचेवर राहिल्यास भाजते. जॉर्ज जॉन्सन यांनी १९५४ मध्ये शिकागो येथे स्थापन केलेली जॉन्सन प्रॉडक्ट्स ही कंपनी याच क्षेत्रात वाढली. १९७१ मध्ये ती अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर नोंदली गेलेली पहिली कृष्णवर्णीय मालकीची कंपनी ठरली. या रसायनांची किंमत आरोग्याच्या रूपानेही मोजावी लागते का, हा प्रश्न पुढे आला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३३,४९७ स्त्रियांच्या अभ्यासात केस सरळ करणाऱ्या उत्पादनांचा वारंवार वापर आणि गर्भाशयाचा कर्करोग यांत संबंध आढळला. संबंध म्हणजे सिद्ध झालेले कारण नव्हे, तथापि तो दुर्लक्षिण्याजोगाही नाही.

४. नैसर्गिक केस आणि न्यायालय

२८ जानेवारी १९६२ रोजी हार्लेममध्ये 'नॅचरली '६२' हा कार्यक्रम झाला. त्यात नैसर्गिक केस राखणाऱ्या स्त्रियांना सौंदर्याचा आदर्श म्हणून सादर करण्यात आले. त्या दशकाच्या अखेरीस ॲफ्रो केशरचना स्वाभिमानाचे प्रतीक बनली.

प्रतिकाला मान मिळाला, पण निगेला मिळाला नाही. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सविरुद्धच्या रॉजर्स खटल्यात, डोक्यालगत घातलेल्या बारीक वेण्यांना कामावर मनाई करणारा नियम न्यूयॉर्क येथील संघराज्य न्यायालयाने वैध ठरविला. वेणी हे सहज बदलता येणारे कृत्रिम रूप आहे, नैसर्गिक केसांची गोष्ट वेगळी, असा या निर्णयाचा आशय होता. या तर्कातील उणीव वर सांगितलेल्या शास्त्रावरून ध्यानात येते. केस निसर्गदत्त, पण त्यांना जपणारी वेणी मात्र ऐच्छिक, असे म्हणणे म्हणजे केस ठेवण्याची मुभा देऊन त्यांच्या निगेचे साधन काढून घेण्यासारखे आहे.

ही दरी कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये संमत केलेल्या 'क्राउन' कायद्याने प्रथम राज्यपातळीवर भरून काढली. वंशाच्या व्याख्येत केसांच्या पोताबरोबरच वेण्या, जटा आणि पीळ या संरक्षक केशरचनांचाही त्याने समावेश केला. अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. संघराज्य पातळीवरील विधेयक २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले, परंतु सिनेटची मंजुरी त्याला मिळाली नाही.

समारोप

कुरळ्या बटा रेखीव राखण्याचे ज्ञान दिसावयास साधे आहे : पाणी, स्निग्धता आणि संयम. तरीही दीर्घकाळ त्याला प्रतिष्ठा नव्हती; कारण हे केस जपावयाचे नसून सुधारावयाचे आहेत, असे गृहीत धरले गेले. आज निगेचे हे ज्ञान सर्वत्र पसरले असताना एक नवी उतरंडही दिसते. सुबक, सैल बटांचे कौतुक होते आणि ज्यांना रेखीव बट पडतच नाही असे अतिकुरळे केस पुन्हा मागे पडतात. निगेचा हेतू केस निरोगी राखणे हा आहे; ठराविक आकार साधणे हीच तिची कसोटी झाली, तर सरळ केसांच्या जागी रेखीव बटांचा नवा निकष तेवढा बसेल. निकष ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा १७८६ मधील प्रश्न त्यामुळे अद्याप निकाली निघालेला नाही.