सल्लागार की बांधणारा? : ओव्ह अरुप यांच्या संस्थेतील वरिष्ठ नेतृत्वाची घडण (१९४६–१९७७)

व्यापारी संस्थांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे दोन मोह नेहमी उभे असतात. संस्थापकाचे चरित्र हाच संस्थेचा इतिहास असे मानणे, हा पहिला. आणि पूर्ण केलेल्या कामांच्या याद्या व ताळेबंद यांवरून माणसे वगळून इतिहास रचणे, हा दुसरा. बांधकाम आणि त्यासंबंधीचा सल्ला या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संस्थांच्या बाबतीत हे दोन्ही मार्ग विशेष अपुरे ठरतात. सल्ल्याच्या धंद्यात कारखाना नसतो आणि मालाचा साठाही नसतो. वरिष्ठ मंडळींची निर्णयशक्ती आणि त्यांचा परस्परांवरील विश्वास एवढेच या धंद्याचे खरे भांडवल होय. ही मंडळी कशी जमते, कोणत्या प्रसंगी तिच्यावर ताण येतो आणि संस्थापकाच्या पश्चात ती टिकते किंवा नाही, हे प्रश्न म्हणून इतिहासाच्या दृष्टीने मूलभूत ठरतात. ओव्ह अरुप यांनी १९४६ मध्ये लंडन येथे सुरू केलेल्या संस्थेच्या आधारे त्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अरुप यांचा जन्म १८९५ मध्ये इंग्लंडातील न्यूकॅसल येथे झाला. वडील डॅनिश, आई नॉर्वेजियन, बालपण हँबुर्गमध्ये आणि शालेय शिक्षण डेन्मार्कमध्ये, अशी त्यांची पूर्वपीठिका होती. कोपनहेगन विद्यापीठात त्यांनी प्रथम तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि नंतर ते अभियांत्रिकीकडे वळले. १९२२ मध्ये पदवी घेऊन ते ‘क्रिस्टियानी आणि नील्सन’ या डॅनिश संस्थेच्या हँबुर्ग कार्यालयात रुजू झाले व पुढील वर्षाच्या अखेरीस लंडनला आले. चरित्रातील तत्त्वज्ञानाच्या टप्प्याचा उल्लेख बहुतेक लेखक कौतुकाने करतात. आमच्या मते संस्थेच्या पुढील स्वरूपाच्या दृष्टीने क्रिस्टियानी आणि नील्सन येथील उमेदवारी अधिक महत्त्वाची आहे. १९०४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था सलोह काँक्रीटची बांधकामे स्वतः आखून स्वतःच बांधून देत असे. आखणी करणारा आणि बांधणारा यांच्यात तेथे भिंत नव्हती. धक्के, बंधारे व गोद्या यांची कामे करताना लाट, वाळू, साचे आणि मजुरी यांचा विचार रेखाचित्राच्या कागदावरच करावा लागे.

इंग्लंडातील संकेत याच्या उलट होता. सल्लागार अभियंत्याने ग्राहकाच्या बाजूने उभे राहावे, ठेकेदारीत त्याचा हितसंबंध असू नये आणि ठेकेदाराने हाती आलेल्या आराखड्यानुसार निविदा भरून काम करावे, अशी ही शिस्त होती. (आपल्याकडील सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदापद्धतीत हीच विभागणी निराळ्या वेषात आढळते.) या शिस्तीमागे सचोटीची रास्त काळजी होती, हे नाकारता येत नाही. परंतु तिची किंमतही होती. वस्तू कशी उभी राहणार याचे ज्ञान ज्याच्याजवळ आहे तो आखणीच्या वेळी हजर नसतो, आणि जो हजर असतो त्याला ते ज्ञान क्वचितच असते.

१९३४ मध्ये अरुप ‘जे. एल. किअर’ या कंपनीत संचालक म्हणून गेले. ही कंपनीही डॅनिश अभियंत्यांनीच स्थापन केलेली होती. बर्थोल्ड ल्युबेट्किन आणि त्यांचा ‘टेक्टन’ हा वास्तुशिल्पज्ञांचा गट यांच्याबरोबर केलेली लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील पेंग्विन पक्ष्यांच्या तळ्याची व हायगेट येथील ‘हायपॉइंट’ या निवासी इमारतीची कामे याच काळातील आहेत. हायपॉइंटच्या काँक्रीट भिंती चढत्या साच्यांनी ओतल्या गेल्या. धान्याची कोठारे बांधण्याची ही रीत अरुप यांनी घरबांधणीत आणली, आणि ती त्यांना सुचली याचे कारण ते बांधणाऱ्याच्या आसनावर बसलेले होते. १९३८ मध्ये चुलतभाऊ आर्ने यांच्यासह त्यांनी ‘अरुप आणि अरुप’ ही स्वतःची ठेकेदार कंपनी काढली. मग १९४६ मध्ये याच माणसाने ठेकेदारी सोडून सल्लागाराची पाटी का लावली? ठेकेदार म्हणून वास्तुशिल्पज्ञाच्या मेजाशी बरोबरीची जागा मिळत नाही, असा अनुभव त्यांना आला असावा असे आम्ही अनुमान करतो. तथापि जो विचार त्यांना तेथे मांडावयाचा होता तो ठेकेदारीतच कमावलेला होता. संस्थेच्या उगमातील हा विरोध पुढे तिच्या नेतृत्वाच्या प्रत्येक पेचात डोके वर काढतो.

१९४९ मध्ये ‘ओव्ह अरुप आणि भागीदार’ ही भागीदारी अस्तित्वात आली. रोनाल्ड जेंकिन्स, जेफ्री वुड आणि अँड्रू यंग हे तिघे भागीदार झाले. यांपैकी जेंकिन्स हे गणिती प्रज्ञेचे अभियंते होते. पातळ काँक्रीट कवचांच्या सिद्धांतावर त्यांचे १९४७ मधील लेखन प्रसिद्ध आहे आणि वेल्समधील ब्रिनमॉर येथील रबर कारखान्याच्या नऊ घुमटांमागे त्यांचेच गणित होते. (हा कारखाना २००१ मध्ये पाडण्यात आला.) पुढील पिढीत पीटर डनिकन, रोनाल्ड हॉब्स, डेन्मार्कहून आलेले पॉव्ह्ल आम, जर्मनीत जन्मून दक्षिण आफ्रिकेत वाढलेले जॅक झुंझ आणि वास्तुशिल्पज्ञ फिलिप डाउसन ही नावे पुढे येतात. डब्लिनमध्ये आरंभापासून, १९५० च्या दशकात आफ्रिकेत आणि १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात कार्यालये उघडली गेली. बाहेरून पाहता हा विस्तार ब्रिटिश साम्राज्याच्या जुन्या वाटांवरूनच झालेला दिसतो. आतून पाहिल्यास मात्र हे नेतृत्व कोणत्याही एका देशाचे नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या मंडळींची खरी परीक्षा सिडनीच्या ऑपेरा हाऊसने घेतली.

जानेवारी १९५७ मध्ये योर्न उत्झॉन या तरुण डॅनिश वास्तुशिल्पज्ञाची रचना स्पर्धेत निवडली गेली. अरुप यांनी स्वदेशबांधवाला पत्र लिहून साह्य देऊ केले आणि संस्थेची नेमणूक झाली. ही नेमणूक उत्झॉन यांच्या हाताखाली न होता थेट ग्राहकपक्षाकडून झाली होती. ही बाब त्या वेळी औपचारिक वाटली असेल. १९६६ मध्ये तीच निर्णायक ठरली. छपराची भूमिती ठरण्यापूर्वीच, मार्च १९५९ मध्ये, राजकीय निकडीपोटी चौथऱ्याचे काम सुरू करण्यात आले. परिणामी छपराचा खरा भार कळल्यावर आधीच ओतलेले काही खांब पाडून पुन्हा बांधावे लागले.

छपराचे काम आरंभी जेंकिन्स यांच्याकडे होते. पातळ कवचांच्या परिभाषेत विचार करणाऱ्या अभियंत्याला हे स्वाभाविक वाटावे असे होते. परंतु उत्झॉन यांची ती उंच, टोकदार शिडे खऱ्या अर्थाने कवचे नव्हतीच. अन्वस्ताकार, विवृत्ताकार अशा एकामागून एक भूमिती तपासण्यात वर्षे गेली. अखेर जेंकिन्स या कामातून बाजूला झाले व १९६१ मध्ये लंडनला परतलेल्या झुंझ यांनी सूत्रे घेतली. संस्थेच्या प्रथम भागीदारांपैकी एकाला मुख्य कामातून दूर व्हावे लागले, याची नोंद गौरवग्रंथांत ओझरती येते. इतिहासकाराने तेथे थांबावयास हवे. गणिताची श्रेष्ठता आणि बांधणीची जाण यांपैकी कोणती गोष्ट संस्थेच्या अग्रभागी राहणार, याचा निवाडा येथे झाला.

उत्झॉन यांनी पोलादी सांगाड्याचा पर्याय नाकारून काँक्रीटच्या बरगड्यांचा स्वीकार केला. त्याच वर्षी सर्व शिडे एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापून घ्यावयाची ही कल्पना निश्चित झाली. या गोलाची त्रिज्या सुमारे ७५ मीटर आहे. सर्व बरगड्यांची वक्रता एकच झाल्यामुळे त्या ठरावीक साच्यांतून पूर्वनिर्मित करता येणे शक्य झाले. ही कल्पना कोणाची, याविषयी वाद आहे. उत्झॉन ती सर्वस्वी स्वतःची मानीत, तर अभियंत्यांच्या बाजूचे कथन तीमागील तीन-चार वर्षांच्या संयुक्त खटपटीकडे बोट दाखविते. आमच्या मते भूमितीची झेप उत्झॉन यांची होती. परंतु अनेक रचना तपासून टाकून दिल्याशिवाय अशी झेप कोणत्या टोकावरून घ्यावी हे कळत नाही, आणि तो श्रम बहुतांशी अभियंत्यांचा होता. हॉर्नीब्रुक या ठेकेदार कंपनीशी नेहमीच्या निविदेऐवजी वाटाघाटीने करार झाला. बरगड्या चढविण्यासाठी लांबी कमीजास्त करता येणारी फिरती पोलादी कमान वापरली गेली. म्हणजे क्रिस्टियानी आणि नील्सनमध्ये जी एकात्मता एका छपराखाली होती ती येथे तीन स्वतंत्र पक्षांच्या सहकार्यातून पुन्हा साधण्यात आली. या काळात पीटर राइस हे तरुण आयरिश अभियंते तेथे प्रत्यक्ष जागेवर होते.

तथापि सहकार्य हे करारावर उभे असते आणि करार पैशावर. १९६५ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये सत्तांतर झाले. नवे मंत्री डेव्हिस ह्यूझ यांनी उत्झॉन यांच्या मोबदल्यावर आणि वेळापत्रकावर बंधने आणली. आतील छतासाठी प्लायवुडच्या मोठ्या तुळया वापरण्याच्या योजनेविषयी सिडनीतील अरुप कार्यालयाचे मत उत्झॉन यांना अनुकूल पडले नाही. २८ फेब्रुवारी १९६६ रोजी उत्झॉन काम सोडून गेले. संस्था मागे राहिली आणि पीटर हॉल यांच्या नेतृत्वाखालील वास्तुशिल्पज्ञ मंडळाबरोबर तिने काम पुरे केले. २० ऑक्टोबर १९७३ रोजी इमारतीचे उद्‌घाटन झाले. मूळ अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा होता. प्रत्यक्ष खर्च १० कोटींवर गेला.

संस्थेने राहावयास नको होते, असे वास्तुशिल्पज्ञांच्या वर्तुळात अनेकांनी म्हटले. हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. जी संस्था वास्तुशिल्पज्ञ व अभियंता यांच्या अभेदाचा पुरस्कार करते तिने वास्तुशिल्पज्ञ गेल्यावर ग्राहकाबरोबर राहावे, यात विसंगती आहेच. उलटपक्षी, अर्धी बांधलेली शिडे, त्यांच्या स्थैर्याची व्यावसायिक जबाबदारी आणि ग्राहकाशी असलेला स्वतंत्र करार या तीन गोष्टी सोडून जाण्याचा अधिकार अभियंत्यांना कितपत होता? आम्हांस संस्थेचा राहण्याचा निर्णय योग्य वाटतो. प्लायवुडसंबंधीचे मत मंत्र्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वी उत्झॉन यांच्याशी मोकळेपणाने बोलणे झाले असते, तर पेच इतका चिघळला नसता, असेही वाटते. येथे उणे पडले ते तंत्रज्ञान नव्हे. लंडनमधील वयोवृद्ध संस्थापक, त्याच शहरातील सूत्रधार भागीदार आणि सिडनीतील कार्यालय यांना एका आवाजात बोलण्याची रीत अद्याप लागलेली नव्हती.

अरुप यांचे १९७० मधील प्रसिद्ध भाषण या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. ९ जुलै रोजी विंचेस्टर येथे, देशोदेशीच्या कार्यालयांतील भागीदारांसमोर, वयाच्या पंचाहत्तरीत त्यांनी ते केले. कामाची गुणवत्ता, समग्र वास्तुरचना, माणुसकीची संघटना, सरळ व सन्मान्य व्यवहार, सामाजिक उपयुक्तता आणि सभासदांची माफक समृद्धी ही उद्दिष्टे त्यांनी मांडली. आज हे भाषण संस्थेत नव्याने येणाऱ्यांच्या हाती दिले जाते आणि म्हणून ते काहीसे पोथीसारखे झाले आहे. परंतु ते मूलतः एका व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर होते : कार्यालये अनेक, करार वेगवेगळे आणि प्रमुख दूर असताना ही मंडळी एकत्र का राहावीत? १९६३ मध्ये वास्तुशिल्पज्ञ व अभियंते यांना समान भागीदारीत आणणारी ‘अरुप असोशिएट्स’ ही शाखा काढून त्याचे एक उत्तर आधीच शोधण्यात आले होते. डाउसन व हॉब्स तिचे आधारस्तंभ होते.

मालकीचा प्रश्न १९७७ मध्ये सुटला. भागीदारांनी आपले हक्क विश्वस्त निधींकडे सोपविले. बाहेरचा भागधारक उरला नाही, आणि वरिष्ठ मंडळींना संस्था विकून श्रीमंत होण्याची वाट बंद झाली. डनिकन अध्यक्ष झाले. आपल्याकडील एक उदाहरण येथे सहज आठवते. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टूब्रो हे दोन डॅनिश अभियंते. त्यांनी १९३८ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या कंपनीच्या बाबतीतही, सिमेंट विभागाच्या फाळणीच्या वेळी, २००३–०४ मध्ये ग्रासिमकडील भाग कर्मचाऱ्यांच्या विश्वस्त निधीकडे आला. दोन्ही घटनांत साम्य आहे तेवढाच भेदही आहे. लंडनमध्ये संस्थापकाच्या हयातीत मालकांनीच हक्क सोडले. मुंबईत ताबा घेऊ पाहणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापासून बचाव म्हणून तो मार्ग पत्करला गेला.

विश्वस्त निधीने सारेच राहिले असे मात्र नव्हे. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या १९७१ मधील स्पर्धेत संस्थेला उतरविण्यात ज्यांचा पुढाकार होता ते एडमंड हॅपोल्ड १९७६ मध्ये बाथ येथे प्राध्यापक म्हणून गेले आणि तेथे त्यांनी ‘ब्युरो हॅपोल्ड’ ही स्वतःची संस्था काढली. तीही सल्लागार संस्थाच होती, आणि तिच्या पहिल्या मंडळींपैकी कित्येकांची उमेदवारी अरुप यांच्याकडेच झालेली होती.