‘हे दहा लाख वेळा केलं असं समज’ : न संपणारा डाव संपवण्याच्या नियमांची गोष्ट

गेल्या दिवाळीत दौंडला मामांकडे गेलो होतो. शिरूरला रेल्वे नाही. त्यामुळे लहानपणापासून ‘दौंडला जाणे’ म्हणजे आमच्यासाठी आजोळ आणि आगगाडी असे दोन्ही. मामेभाऊ पुण्याच्या वसतिगृहातून ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळाचे पत्ते घेऊन आला होता. थोडा वेळ मी बऱ्यापैकी तग धरला. मग त्याने एका पत्त्यावर दुसरा ठेवला, तो आडवा केला, पुन्हा उभा केला आणि म्हणाला, “दादा, आता हेच मी दहा लाख वेळा केलं असं समज. तू हरलास.”

“समज म्हणजे काय? करून दाखव,” मी म्हणालो. त्याने मोबाइलवर नियमावली उघडून माझ्यापुढे धरली. असे ‘समजून घेण्याचा’ रीतसर नियम तिथे होता. खेळात फसवणूक झाल्यासारखे वाटले खरे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कुतूहल त्याहून मोठे ठरले. न संपणाऱ्या गोष्टीला संपवायचे कसे, हा प्रश्न माणसांनी यापूर्वी कसा सोडवला? आजचा थ्रेड त्याविषयी.

प्रथम दोन शब्द आपल्याच परंपरेतले. न्यायशास्त्राने तर्काचे जे दोष सांगितले, त्यांत ‘चक्रक’ आणि ‘अनवस्था’ हे दोन येतात. युक्तिवाद फिरून मूळ जागी आला की चक्रक. एकामागून एक पायऱ्या चढत राहिल्या आणि शेवट कधीच आला नाही, तर अनवस्था. (कापूसकोंड्याची गोष्ट ऐकून रडकुंडीला आलेल्या प्रत्येक मराठी मुलाला यातला पहिला दोष अनुभवाने ठाऊक असतो.) हा भेद लक्षात ठेवावा, पुढे तोच उपयोगी पडतो.

बुद्धिबळापुढे प्रश्न होता तो चक्रकाचा. दोघेही तीच मोहरी मागेपुढे करीत राहिले तर डाव संपणार कधी? एकेकाळी ‘जर्मन नियम’ म्हणून ओळखला जाणारा एक तोडगा होता : खेळींची तीच मालिका सलग तीनदा आली की डाव बरोबरीत. ऐकायला चोख. परंतु १९२९ साली डच गणितज्ञ माक्स यूवे यांनी दाखवून दिले की या नियमातून निसटता येते. शून्य आणि एक यांचा असा एक अनंत क्रम रचता येतो, की त्यात कोणताही तुकडा सलग तीनदा येत नाही : ०११०१००१… असा. शून्यासाठी खेळींची एक मालिका आणि एकासाठी दुसरी ठरवली, की नियम न मोडता डाव अनंतकाळ चालू ठेवता येतो. नॉर्वेचे आक्सेल थू यांनी या क्रमाचा अभ्यास आधीच केला होता. यूवे तेथे स्वतंत्रपणे पोहोचले. हेच यूवे १९३५ मध्ये बुद्धिबळाचे जगज्जेते झाले.

आजचा नियम खेळींकडे पाहत नाही, पटावरील स्थितीकडे पाहतो. तीच स्थिती, तोच खेळाडू खेळायचा असताना, तिसऱ्यांदा आली की बरोबरी मागता येते. मधल्या खेळी वेगळ्या असल्या तरी चालते. मात्र ती मागावी लागते. १९७१ साली ब्युनोस आयर्समध्ये फिशर आणि पेट्रोशन यांच्या लढतीतील तिसरा डाव असाच सुटला. वरचढ स्थितीत असलेल्या पेट्रोशनच्या ध्यानात पुनरावृत्ती आली नाही, फिशरच्या आली. पुढे २०१४ पासून स्थिती पाचव्यांदा आली की कोणी न मागताही डाव बरोबरीत सुटतो.

आता पत्त्यांकडे वळू. ‘मॅजिक’ १९९३ साली विझर्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकी कंपनीने बाजारात आणला. कर्ता रिचर्ड गारफील्ड, शिक्षणाने गणितज्ञ. या खेळात प्रत्येक पत्त्यावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला असतो आणि असे हजारो पत्ते आहेत. कोणता पत्ता कोणाशी जुळून काय घडवील, हे सर्वस्वी आधी हेरणे अशक्यच. माझ्यापुढे मांडलेली जोडी प्रसिद्ध आहे : डिसीव्हर एक्झार्क आणि त्यावर चढवलेला स्प्लिंटर ट्विन. पत्ता आडवा केला की त्याची प्रतिकृती तयार होते. प्रतिकृती मैदानात उतरताच मूळ पत्ता पुन्हा उभा करता येतो. म्हणजे पुन्हा प्रतिकृती. ‘मॉडर्न’ या स्पर्धाप्रकारात जानेवारी २०१६ मध्ये स्प्लिंटर ट्विनवर बंदी आली.

इथे बुद्धिबळाचा नियम कामाचा नाही, कारण स्थिती तीच राहत नाही. प्रत्येक फेरीत एक सैनिक वाढतो. हे चक्रक नव्हे, अनवस्था आहे. ती बरोबरीत सोडवणे म्हणजे जिंकणाऱ्यावर अन्याय. आणि खरोखर दहा लाख वेळा पत्ता आडवा-उभा करू देणे म्हणजे हॉलमधल्या सगळ्यांवरच.

मग हे झेप घेणे प्रामाणिक कधी ठरते? त्याचे उत्तम उदाहरण आपल्याकडेच आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचा शोध लावला. चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आणि हेच करीत राहा : फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. हीच रीत दोन अंकांवर लावली तर मात्र फेरा सुरू होतो : ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१. आता ८१ पासून पाचशे पायऱ्यांनंतर काय येईल? पाचशे वजाबाक्या कराव्या लागत नाहीत. फेरा पाचांचा, म्हणून ८१च. प्रत्येक पायरी ठरलेली असेल तर मधला रस्ता न चालता मुक्कामी पोहोचता येते. ‘मॅजिक’चा शॉर्टकट याच भरवशावर उभा आहे.

नियम असा. खेळाडूने फेरा सांगायचा आणि आवर्तनांची संख्याही सांगायची. ‘अनंत’ हे उत्तर चालत नाही. दहा लाख म्हणा, परार्ध म्हणा, आकडा हवा. मला हे फार शहाणपणाचे वाटते. एकाने आपले आयुष्य परार्धाने वाढवले आणि नंतर दुसऱ्याकडेही तसाच फेरा आला, तर तो परार्ध अधिक एक इतका घाव घालू शकतो. अनंतातून अनंत वजा करण्याची वेळच येत नाही.

दुसरी अट अधिक महत्त्वाची. समोरच्याला प्रत्येक शॉर्टकट मध्येच तोडण्याचा हक्क आहे : ‘इतके नको, अमुक आवर्तनाला थांब, तिथे मला वेगळे काही करायचे आहे.’

तिसरी अट कडक आहे. ‘असे घडले तर हे, नाहीतर ते’ अशी सशर्त कृती शॉर्टकटमध्ये बसत नाही. ‘फोर हॉर्समेन’ नावाचा पत्त्यांचा संच यावरच अडला. त्यात बेसॉल्ट मोनोलिथ आणि मेस्मेरिक ऑर्ब यांच्या साहाय्याने गड्डीतील पत्ते एकेक करून टाकून दिले जातात. पण मध्ये एम्राकुल हा पत्ता आला की टाकलेले सगळे पुन्हा गड्डीत जाऊन पिसले जातात. हवे ते पत्ते हव्या त्या क्रमाने कधीतरी पडणार, हे जवळजवळ निश्चित. कितव्या वेळी, हे मात्र सांगता येत नाही. आकडा नाही म्हणून शॉर्टकट नाही, आणि हाताने करीत बसले तर पंच संथ खेळाचा ठपका ठेवतात. माझ्या मते नियम निष्ठुर असला तरी बरोबर आहे. ‘कधीतरी नक्की’ या शब्दावर समोरच्याला किती वेळ बसवून ठेवणार?

दोघांच्या ऐच्छिक कृतींनी मिळून फेरा चालत असेल, तर ज्याची पाळी चालू आहे त्याने वेगळा मार्ग धरायचा. आणि कोणाच्याच हातात काही नसेल, फेरा केवळ सक्तीच्या कृतींचा असेल, तर डाव बरोबरीत. मैदानात तीन ओब्लिव्हियन रिंग आणि जमिनीच्या पत्त्यांखेरीज दुसरे काहीच नसेल, तर त्या एकमेकींना हद्दपार करीत आणि परत आणीत राहतात. तेव्हा हेच होते.

पण फेरा थांबणार की नाही, हे नेहमी ओळखता येईल का? २०१९ साली अ‍ॅलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी दाखवले की या पत्त्यांतून ट्युरिंग यंत्र उभे करता येते. एखादी गणनप्रक्रिया थांबेल की नाही हे दर वेळी सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच सिद्ध केले होते. म्हणजे असाही डाव मांडता येतो, की ज्यात सगळ्या खेळी सक्तीच्या आहेत आणि तरीही निकाल सांगण्याची हुकमी रीत पंचाकडे नाही.

मामेभावाने नियम वाचून दाखवला, तेव्हा मी दुसरी अट पुन्हा एकदा वाचायला लावली. माझ्या हातात एक पत्ता शिल्लक होता. “दहा लाख नको,” मी म्हणालो, “पहिल्याच आवर्तनाला थांब.” त्याचा मूळ एक्झार्क तिथेच मेला. तो डाव पुढे पाऊण तास चालला, आणि माझी शिरूरची शेवटची एसटी चुकली.