काळ्या दगडावरचा उजेड

मंडळी, अंबरनाथचे शिवमंदिर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. कल्याणहून कर्जतच्या बाजूला गाडीने गेले की थोड्याच वेळात अंबरनाथ स्टेशन येते, आणि तेथून पुढे वालधुनीच्या काठी ते काळे देऊळ उभे आहे. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळचे. तिथल्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा उल्लेख आहे. आज मात्र मी देवळाचा इतिहास सांगायला बसलेलो नाही. अशा देवळाचा फोटो काढायला आपली माणसे कशी शिकली, आणि मी तिथे कसा फसलो, ते सांगायचे आहे.

१९८४ साली मी डोंबिवलीत शिक्षक होतो. वर्गातली मुले घेऊन अंबरनाथला गेलो, उसना कॅमेरा गळ्यात. ३६ फोटोंचा अख्खा रोल भिंतींवरच्या मूर्तींवर संपवला. धुऊन आला तेव्हा पाहतो तर काय, आकाश स्वच्छ, कळस ठीक, आणि मूर्तींच्या जागी नुसता कोळसा! मुलांनी विचारले, "गुरुजी, नंदी कुठाय?" मी आधी मनात फोटो धुणाऱ्याला दोष दिला. दोष त्याचा नव्हता. मी उन्हाचे आकडे लावून सावलीचा फोटो काढला होता.

आता हे आकडे म्हणजे काय? भाताच्या खाचरात पाणी घेताना आपण काय बघतो? बांधाचे तोंड किती उघडायचे, किती वेळ उघडे ठेवायचे, आणि जमीन पाणी किती लवकर पिते. कॅमेऱ्याचेही तेच. भिंगामागचे छिद्र हे तोंड, शटर हा वेळ, आणि फिल्मचा वेग ही जमीन. या तिन्हींचा मेळ बसला की त्याला म्हणायचे बरोबर एक्स्पोजर. छिद्राचे आकडे तेवढे उलटे चालतात, बरं का! १६ म्हणजे बारीक छिद्र, ११ त्याहून मोठे, मग ८, मग ५.६. दर पायरीला उजेड दुप्पट. १०० वेगाची फिल्म घातली आणि स्वच्छ ऊन असले, तर छिद्र १६ आणि वेळ सेकंदाचा १२५ वा भाग, हा जुन्या फोटोवाल्यांचा हिशेब. मी तोच धरून बसलो. देवळाच्या सावलीतल्या भिंतीला छिद्र ५.६ हवे होते. तीन पायऱ्या चुकल्या, म्हणजे मूर्तींना हवा त्याच्या आठवा हिस्सा उजेड मिळाला.

पण आमच्या आधी सव्वाशे वर्षे ज्यांनी हे केले, त्यांच्याजवळ असे आकडे तरी कुठे होते? १८५४ च्या मे महिन्यात ठाण्याची आगगाडी खाडी ओलांडून कल्याणला पोचली, आणि त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक. स्वतः वैद्य, आणि फोटो काढण्यात तरबेज. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गच सुरू झाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत धंदा मांडला आणि १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. फोटोग्राफी शाळेत शिकवायची गोष्ट आहे, हे आपल्याकडे इतक्या लवकर उमगले होते, याचे मला अजून नवल वाटते.

१८६८ साली मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे टेरी साहेब विद्यार्थ्यांना घेऊन सरकारच्या कामासाठी अंबरनाथला गेले. मूर्तींचे ठसे घेतले, आरेखने केली, फोटोही काढले गेले. त्या काळची रीत मनात आणून पाहा. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची, आणि ओली असतानाच फोटो काढून अंधाऱ्या तंबूत लगेच धुवायची. आपल्याकडच्या उष्म्यात ती मिनिटांत वाळायची. वाळली की फुकट. शटर नव्हते. भिंगावरची टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे, टोपी परत लावायची. उजेडाचा अंदाज नजरेने, आणि नजर तयार व्हायची फुकट गेलेल्या काचांवर.

पुढे १८७१ साली मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या काचेची रीत प्रसिद्ध केली, तेव्हा तंबू सुटला. वेळ सेकंदाच्या अंशावर आल्याने टोपीऐवजी शटर आले. १८९० मध्ये हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी, किती उजेडाला किती काळपटपणा येतो याचे गणितच मांडले. १९३२ साली अमेरिकेत वेस्टनचा विजेचा उजेडमापक निघाला. आपल्या घराघरांतल्या आग्फा क्लिकवर तर नुसती सूर्याची आणि ढगाची चित्रे असत. न शिकलेल्या माणसालाही ती कळत.

तरी मापक आंधळाच. त्याला दगड काळा की पांढरा, ते समजत नाही. समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. चौकटीत आकाश जास्त आले की तो छिद्र आवळतो आणि मूर्ती काळी पडते. चौकटभर काळा दगडच भरला की तो छिद्र सोडतो आणि दगड राखेसारखा फिकट येतो.

मी पुन्हा गेलो तो वही घेऊन. फोटोचा क्रमांक, वेळ, छिद्र, शटर, ऊन की ढग, एवढेच लिहायचे. देवळाचे तोंड पश्चिमेला, म्हणून दुपार कलल्यावर गेलो. तिरप्या उन्हात कोरीवकाम उठून दिसते. एकेका मूर्तीचे तीन फोटो काढले: अंदाजाचा एक, एक पायरी वरचा, एक पायरी खालचा. त्या रोलमधले बावीस चांगले निघाले. नंदीही निघाला.

शिक्षक बंधूंनो आणि भगिनींनो, आता रोलचा खर्च नाही. वर्गातल्या एका फोनवर हे दाखवता येईल. गावातल्या देवळाच्या दगडावर पडद्यात बोट टेकवा, मागचे आकाश पांढरे होईल. आकाशावर टेकवा, दगड काळा होईल. मग मुलांच्या हाती वही द्या. पण उशीर करू नका. अंबरनाथचा दगड दर पावसाळ्यात झिजतो आहे. कित्येक चेहऱ्यांची नाके, बोटे केव्हाच गेली. माझ्या १९८४ च्या रोलवर काय काय होते, ते आता कुणाला सांगता येणार नाही. ती निगेटिव्ह मी ठेवली आहे. उजेडासमोर धरली की देवळाच्या जागी अजून कोरी काच दिसते.