फलटणच्या कालव्यात होडी का आली नाही?

नीरा उजवा कालवा वीरच्या धरणापासून निघतो आणि फलटण तालुका ओलांडून माळशिरस, पंढरपूरकडे जातो. आवर्तन सुरू असले की कालवा काठोकाठ भरलेला असतो. दोन्ही अंगांना ऊस असतो आणि हंगामात जवळच्या रस्त्यांवरून उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, साखरेचे ट्रक यांची रांग लागलेली असते. हे पाहून एखाद्या चौकस मुलाने विचारले, की एवढे पाणी आहे, एवढा माल आहे, मग हा माल होडीतून का नेत नाहीत, तर त्याला काय उत्तर द्यायचे?

प्रश्न बाळबोध वाटतो, पण तो तसा नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांत मोठमोठ्या अभियंत्यांनी, अर्थशास्त्रज्ञांनी आणि सरकारांनी याच प्रश्नावर डोके खपवले आहे. हा इतिहास जितका पाण्याचा आहे, तितकाच तो हिशेबाचा आहे.

सुरुवात सर आर्थर कॉटन यांच्यापासून करू. गोदावरीवर धवळेश्वरमला त्यांनी बांधलेला बंधारा १८५२ मध्ये पुरा झाला आणि त्या त्रिभुज प्रदेशाचे रूप पालटले. तेथील कालव्यांतून शेताला पाणी मिळू लागले आणि त्याच कालव्यांतून भाताची पोती भरलेल्या नावाही फिरू लागल्या. कॉटनसाहेबांचा विश्वास इतका वाढला, की साऱ्या हिंदुस्थानात रेल्वेऐवजी जलमार्गांचे जाळे विणावे, असा त्यांनी आग्रह धरला. पाण्यावर ओढायला जोर कमी लागतो, म्हणून भाडे कमी पडते, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. तो चुकीचा नव्हता. आजही सरकारी कागदपत्रांत एक आकडेवारी नेहमी दिली जाते : एक अश्वशक्ती रस्त्यावरून १५० किलो, रुळांवरून ५०० किलो आणि पाण्यावरून ४,००० किलो ओझे ओढते.

हेच गणित मनात ठेवून तुंगभद्रेवर कर्नूल ते कडप्पा असा कालवा खोदला गेला. मद्रास इरिगेशन अँड कॅनॉल कंपनीने तो खोदला आणि तिच्या भांडवलावर सरकारने ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. कालवा सिंचनाचाही होता आणि वाहतुकीचाही. पण अपेक्षेइतके शेतकरी पाणी घेईनात, अपेक्षेइतक्या नावा येईनात आणि हमीचे व्याज मात्र सरकारी तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या करातून, जात राहिले. अखेर १८८२ मध्ये सरकारने तो कालवा विकत घेतला. कॉटन यांच्या देशव्यापी योजनेची विलायतेत पार्लमेंटच्या समितीपुढे चर्चा झाली, पण तिला पाठिंबा मिळाला नाही.

कॉटन यांचे गणित कुठे फसले? गोदावरीच्या तोंडाशी जमीन सपाट, नदीला पाणी मुबलक आणि प्रत्येक गावाच्या दाराशी कालवा. दख्खनच्या पठारावर यातले काहीच नाही. येथे नद्या चार महिने दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात त्यांच्या पात्रात वाळू उरते. जमिनीला उतार आहे. उतारावर नाव चालवायची तर ठिकठिकाणी दारे बसवलेले हौद बांधून ती पायरीपायरीने चढवावी-उतरवावी लागते. यांना जलपाश म्हणतात. प्रत्येक जलपाशाला खर्च आहे, वेळ आहे आणि पाणीही लागते.

नीरेचे कालवे या अनुभवाच्या सावलीत जन्मले. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळल्यानंतर १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा झाला. भाटघरचे मोठे धरण १९२० च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले आणि उजव्या कालव्याने फलटण संस्थानच्या कोरड्या शिवारात पाणी आणले. १९३० च्या दशकात साखरवाडीला साखर कारखाना उभा राहिला तो या पाण्याच्या जोरावर. दुष्काळात माणूस आणि जनावर जगवणे हा कालव्यांचा हेतू होता. नावांचा विचार त्यांच्या आखणीत नव्हता.

आता हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, साखरेचे एक पोते कारखान्यातून ट्रकने थेट बाजारात न्यायला १०० रुपये पडतात. पाण्यावरून तेवढेच अंतर न्यायला ४० रुपये. वरवर पाहता ६० रुपये वाचले. पण पोते कारखान्यातून धक्क्यावर आणायला १५ रुपये, होडीत चढवायची हमाली १५, उतरवायची १५ आणि पलीकडच्या धक्क्यावरून बाजारात न्यायला २० रुपये धरले, की बेरीज १०५ होते. प्रवासाला चार दिवस जास्त लागले, तर तेवढे दिवस साखरेत अडकलेल्या पैशाचे व्याज वेगळे. परतीच्या फेरीत होडी रिकामी आली, तर तो भुर्दंडही याच पोत्यावर बसतो. म्हणून जलमार्ग परवडतो तो लांब पल्ल्याला, जड मालाला आणि जिथे दोन्ही टोके पाण्याच्या काठावरच आहेत तिथे.

आणखी एक खर्च आहे आणि दुष्काळी भागात तो सर्वांत मोठा ठरतो. होडीला बारमाही खोली लागते. आपला कालवा मात्र पाळीने वाहतो. पाळी संपली, की पाणी बंद. केवळ होडी तरंगावी म्हणून कालवा भरून ठेवायचा, तर जे पाणी झिरपून आणि वाफ होऊन जाईल ते कुणाच्या तरी उसाचे, ज्वारीचे किंवा पिण्याचे पाणी असेल. नीरेच्या डाव्या आणि उजव्या कालव्यात पाणी कसे वाटायचे, यावरून किती वाद होतात, हे या भागातल्या लोकांना सांगायला नको. वाहतूक आणि सिंचन यांची ही ओढाताण होडीच्या भाड्यात कुठेच दिसत नाही. ती दिसण्यासाठी हिशेबाची वही मोठी करावी लागते.

वही मोठी करण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी दिलेल्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. त्या काळी दख्खनचे कालवे सरकारला तोट्याचे वाटत, कारण पाणीपट्टीतून भांडवलावरचे व्याजही सुटत नसे. गाडगीळांनी विचारले, कालव्याचा फायदा फक्त पाणीपट्टीत मोजायचा का? गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या पट्ट्यात त्यांनी पाहणी केली. भिजणारी गावे आणि कोरडी गावे यांची तुलना केली. शेतकऱ्याचे उत्पन्न, मजुरांना मिळणारे काम, गुळाचा आणि साखरेचा धंदा, बाजारपेठांची उलाढाल, या सगळ्यांचा माग काढला. हा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष फायदे वेगळे मांडून मोजण्याचा आपल्या देशातला हा फार आरंभीचा आणि गंभीर प्रयत्न होता. त्याआधी १९३५ मध्येच गाडगीळ आणि गोगटे यांनी मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली होती. म्हणजे पाणी आणि वाहतूक, दोन्हींची वही या एकाच संस्थेत उघडली गेली होती.

स्वातंत्र्यानंतर बहुउद्देशीय धरणांचे युग आले. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा आदर्श समोर होता. दामोदर खोऱ्यात दुर्गापूरपासून हुगळीपर्यंत नावांसाठी कालवा काढला गेला. महानदीवरील हिराकूड धरणाच्या मूळ आराखड्यातही पूरनियंत्रण, सिंचन आणि विजेबरोबर जलवाहतूक हे उद्दिष्ट होते. हिराकूडच्या फायद्यांचा अभ्यास केला तो पुन्हा पुण्याच्या गोखले संस्थेने. नी. वि. सोवनी आणि नीलकंठ रथ यांचा तो ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. अशा अभ्यासाचा कणा एका साध्या प्रश्नात आहे : हे काम झालेच नसते, तर काय झाले असते? धरणानंतर जे जे वाढले ते सारे धरणामुळेच वाढले, असे धरता येत नाही. पुढे हिराकूडमधून वीज आणि पाणी मिळाले, पण महानदीतला जलमार्ग काही साकार झाला नाही. दामोदरच्या कालव्यातही नावांची वर्दळ कधी वाढली नाही. आराखड्यातले एक उद्दिष्ट असे निमूटपणे गळून पडले.

हा हिशेब किती नाजूक असतो, याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. खर्च आणि लाभ तोलून मगच जलप्रकल्पाला पैसे द्यायचे, ही शिस्त त्या देशात जुनी. १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्यात ती स्पष्ट लिहिली गेली. पुढे मिसिसिपी नदीच्या वरच्या भागातील जलपाश लांब करायचे ठरत होते. किती फायदा होईल हे पाहण्यासाठी संगणकावर प्रतिमान मांडले गेले. प्रतिमान म्हणजे खऱ्या व्यवहाराची आकड्यांतली छोटी प्रतिकृती. जुन्या पद्धतीत असे गृहीत धरले जाई, की रेल्वेपेक्षा स्वस्त आहे तोवर सगळा मका नदीनेच बंदराकडे जाणार. डोनाल्ड स्वीनी या सरकारी अर्थतज्ज्ञाचे म्हणणे होते, की शेतकऱ्याला इतर वाटाही असतात. नदीचे भाडे वाढले, तर तो मका जवळच्या इथेनॉल कारखान्याला किंवा पशुखाद्यासाठी विकेल. हे धरले, की जलपाशाचा फायदा घटतो. प्रकल्प मंजूर व्हावा म्हणून आकडे वाकवले जात आहेत, अशी तक्रार त्यांनी २००० मध्ये केली. चौकशीत तिला दुजोरा मिळाला आणि राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनेही या पद्धतीची तपासणी केली. एका गृहीतकाच्या फरकाने अब्जावधी डॉलरचा निर्णय इकडचा तिकडे होऊ शकतो, हे त्यातून जगाला दिसले. फलटणला हे परके वाटायला नको. उसाच्या रसापासून किती साखर करायची आणि किती इथेनॉल, हा प्रश्न आज आपल्या कारखान्यांपुढेही आहे. दहा वर्षांनी साखर किती वाहायची असेल, हे त्यावर ठरणार.

आता आपल्या देशातल्या अलीकडच्या घडामोडींकडे येऊ. २०१६ च्या कायद्याने देशात एकूण १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. नीरा ज्या भीमेला मिळते त्या भीमेचा कर्नाटक-तेलंगणातील टप्पा या यादीत आहे. महाबळेश्वरला उगम पावून सातारा-सांगलीतून जाणाऱ्या कृष्णेचा जलमार्गही कागदावर कर्नाटकातील गलगलीपर्यंत वर आला आहे. नकाशा पाहून मन हरखते. पण नंतरच्या तपासण्यांत यांतले मोजकेच मार्ग व्यापारी वाहतुकीला परवडणारे ठरले.

मग जलवाहतूक चालते कुठे? रायगड जिल्ह्यात अंबा नदीच्या खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल बार्जमधून येतो. तिथे भरती-ओहोटीचे पाणी फुकट मिळते, माल जड आहे आणि कारखाना धक्क्यालाच लागून आहे. गोव्यात मांडवी आणि झुआरी या नद्यांतून लोहखनिजाचे बार्ज वर्षानुवर्षे मुरगाव बंदराकडे जात. पण २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा खाणपट्टे रद्द झाले आणि बार्जवाले किनाऱ्याला बसून राहिले. नदी होती, खोली होती, बार्ज होते, माल नव्हता. एकाच मालावर उभा असलेला जलमार्ग त्या मालाबरोबर उभा राहतो आणि त्याच्याबरोबरच बसतो.

त्या चौकस मुलाला द्यायचे उत्तर आता तयार आहे. फलटणच्या कालव्यात होडी आली नाही, कारण इथे पाणी मापून मिळते, जमीन उताराची आहे आणि माल काठापासून लांब आहे. मुंबईकडे माल पाठवायचा तर लोणंदचे रेल्वे स्थानक होते आणि डांबरी रस्ता होता. २०२१ पासून खुद्द फलटणहूनही प्रवासी गाडी सुटू लागली.

मात्र उत्तर देऊन थांबू नये. त्याला पुढचे प्रश्नही शिकवावेत. उद्या कुणी नकाशा पुढे करून सांगेल, की तुमच्या नदीतून जहाजे जाणार आहेत. त्या वेळी टाळ्या वाजवण्याआधी विचारावे : वर्षातून किती दिवस, किती खोली? कोणता माल आणि परतीला काय? धक्क्यापर्यंतची हमाली धरली आहे का? होडीसाठी अडवलेले पाणी कुणाच्या वाट्यातून येणार? आणि हा हिशेब ज्याने केला, तो तपासला कुणी? गाडगीळांच्या पाहणीत सहकारी गावोगाव फिरून शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून आकडे गोळा करीत. नीरेच्या काठावरही कुणाला हिशेब मांडायचा असेल, तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.