‘ह्यूमन’ म्हणजे कुणाचं?

तीर्थपुरीच्या घरी आईची इन्सुलिनची बाटली फ्रिजच्या दारात असते. लाइट फार वेळ गेली की ती डब्यात बसून माठाशेजारी जाते. आई माळकरी. एकदा तिनं माझ्याकडून लेबल वाचून घेतलं: ह्यूमन इन्सुलिन, आणि खाली बारीक अक्षरात, आर-डीएनए ओरिजिन.

"ह्यूमन म्हंजी माणसाचं हाय का काय रं ह्ये?"

"नाही."

"मंग जनावराचं?"

तेही नाही. पण हाच प्रश्न तिनं १९७५ साली विचारला असता, तर मला मान खाली घालावी लागली असती.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोत लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मधुमेही मुलाला जनावराच्या स्वादुपिंडाचा अर्क, म्हणजे तेव्हाचं इन्सुलिन, टोचला. अर्क गढूळ होता, गुण आला नाही, उलट टोचल्या जागी गळू झालं. जीवरसायनतज्ज्ञ कोलिप यांनी तो शुद्ध केला आणि बारा दिवसांनी पुन्हा दिला, तेव्हा मुलाची साखर उतरली. तिथून साठ वर्षं हे औषध कत्तलखान्याच्या दावणीला बांधलेलं राहिलं. दोन टनांच्या आसपास स्वादुपिंडं गोळा करावीत, तेव्हा पावशेर इन्सुलिन हाती यायचं.

डुकराचं इन्सुलिन माणसाला चालायचं, कारण ५१ अमिनो आम्लांपैकी फरक फक्त एकाचा. गाईच्यात तिनांचा. हा हिशेब आपल्याला कळतो तो फ्रेडरिक सँगर यांच्यामुळे. १९५५ पर्यंत त्यांनी इन्सुलिनमधल्या अमिनो आम्लांचा पूर्ण क्रम लावला. १९५८ चं नोबेल त्यासाठीच. माझ्या मते या औषधाच्या वंशावळीचा खरा मूळपुरुष म्हणजे टोरंटोत इन्सुलिन शोधणारे बँटिंग नव्हेत, सँगर. क्रम ठाऊक झाला म्हणूनच त्याचा जनुक लिहिता आला.

तो लिहिला १९७८ मध्ये, कॅलिफोर्नियात. सिटी ऑफ होप आणि जेनेनटेक इथल्या मंडळींनी माणसाची एकही पेशी न घेता रसायनांतून जनुक जुळवला आणि ई. कोलाय या जिवाणूत घातला. इन्सुलिनच्या दोन साखळ्या वेगवेगळ्या जिवाणूंत तयार केल्या, मग जोडल्या. १९८२ मध्ये अमेरिकेत हे औषध विक्रीला खुलं झालं. लेबलवरचं ‘ह्यूमन’ ते एवढंच: कृती माणसाची, स्वयंपाक जिवाणूचा.

आमच्या भागात ही वंशावळ २००३ मध्ये पोचली. वोक्हार्टनं औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, ‘वोसुलिन’ काढलं; या पद्धतीनं बनलेलं ते पहिलं भारतीय इन्सुलिन. इथं स्वयंपाकी बदलला. जिवाणूच्या जागी हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा नावाचं यीस्ट आलं. ते मिथेनॉलवर जगतं आणि उष्ण हवेत फोफावतं, म्हणजे स्वभावानं मराठवाड्याचंच म्हणायचं. शेजारच्या वाळूजच्या बिअर कारखान्यांमुळे यीस्टच्या टाक्या या गावाला नवीन नव्हत्याच.

याच प्रथिनाची एक भावकी प्रयोगशाळेत नांदते. पेशी काचेत वाढवायच्या तर पूर्वी पोटातल्या वासराच्या रक्ताचा सीरम लागायचाच. सत्तरच्या दशकात गॉर्डन सातो यांनी दाखवलं, की त्याऐवजी इन्सुलिन, ट्रान्सफेरिन अशी नेमकी द्रव्यं दिली तरी कित्येक पेशी वाढतात. आज अशा द्रावणात लिटरला साधारण १० मिलिग्रॅम इन्सुलिन घालतात, तेही बहुतेकदा जिवाणूनं नाहीतर यीस्टनं केलेलं. आईच्या १० मिलिलिटरच्या बाटलीत ४०० युनिट, म्हणजे जेमतेम १४ मिलिग्रॅम प्रथिन. तेवढ्यात दीड लिटरही द्रावण होत नाही. प्रयोगशाळेच्या बाटलीवर मात्र ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं असतं. प्रथिन तेच असलं, तरी ती बाटली रुग्णाला टोचण्याइतकी तपासलेली नसते.

हे सगळं आईला सांगितलं, सीरमचं वासरू वगळून. तिनं विचारलं, "म्हंजी इडलीच्या पिठावानी आंबवत्यात?" साधारण तसंच, म्हणालो. "मंग चालतंय," म्हणाली आणि सुई भरायला घेतली.

लेबलवरचं आणखी एक बारीक अक्षर तुम्हीही वाचा. मिलिलिटरला ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते, १०० च्या बाटलीला नारिंगी. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकतो. दुकानातून निघण्याआधी बाटली आणि सिरिंज शेजारी धरून बघा.