चिकाचा पहिला हक्क वासराचा

गाय व्याली की घरात खरवसाचे बेत सुरू होतात आणि शेजारीही चिकाची वाट पाहू लागतात. गोव्याच्या खेड्यापाड्यांत हा आनंदाचा प्रसंग मानला जातो. मात्र त्या चिकाची सर्वाधिक निकड असते ती गोठ्यात नुकत्याच जन्मलेल्या वासराला.

गोव्याची दुधाची गरज स्थानिक उत्पादनातून भागत नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटकातून दूध येते, तसेच अनेक गोठ्यांत दुभत्या गायीही परराज्यांतून विकत आणल्या जातात. या गायींना येथील दमट हवेशी आणि चाऱ्याशी जुळवून घ्यावे लागते. घरच्या गोठ्यात वाढलेल्या कालवडीला ही अडचण नसते. त्यामुळे वासराचे दूध तोडेपर्यंतचे संगोपन हा दुग्धव्यवसायाच्या हिशेबाचाच भाग ठरतो.

पहिले काही तास

मानवी अर्भकाला आईच्या उदरातच काही प्रमाणात रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. गायीच्या वारेतून ती वासरापर्यंत पोहोचत नाहीत. वासरू जवळजवळ निःशस्त्र जन्माला येते आणि त्याचे संरक्षण चिकातूनच होते. ही द्रव्ये आतड्यातून थेट रक्तात शोषली जातात. परंतु ही क्षमता तासागणिक घटते आणि सुमारे २४ तासांनी संपुष्टात येते. दुसऱ्या दिवशी कितीही चीक पाजला, तरी पहिल्या दिवसाची उणीव भरून निघत नाही.

पहिल्या दिवशी वासराला वजनाच्या किमान दहाव्या भागाइतका चीक मिळावा. २५ किलो वजनाच्या वासरासाठी हे प्रमाण २.५ लिटर होते. त्यातील निम्म्याहून अधिक चीक जन्मानंतर दोन तासांच्या आत पोटात जाणे हिताचे. वार पडण्याची वाट पाहत चीक रोखून धरण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. ती वासराच्या मुळावर येते.

याचा अर्थ खरवस वर्ज्य आहे, असा नव्हे. संकरित गाय वासराच्या गरजेपेक्षा अधिक चीक देते. उरलेला चीक गोठवून ठेवल्यास आई दगावलेल्या वासराच्या कामी येतो. मात्र तो कोमट पाण्यात भांडे ठेवूनच वितळवावा. उष्णतेने ज्या प्रथिनांमुळे खरवस थिजतो, त्यांतच ही संरक्षक द्रव्ये असतात. चीक उकळला की ती निकामी होतात.

दूध पाजताना

चौथ्या-पाचव्या दिवसापासून नेहमीचे दूध सुरू होते. वजनाच्या दहाव्या भागाइतके दूध दिवसातून दोन वेळा विभागून देण्याची पद्धत रूढ आहे. अशक्त वासराला आणि गारठ्याच्या दिवसांत याहून अधिक लागते. दूध ३८ ते ३९ अंश सेल्सिअस उष्ण असावे आणि वेळा ठरलेल्या असाव्यात. वासरू चोखू लागले की अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ तयार होते आणि दूध थेट चौथ्या कप्प्यात, म्हणजे खऱ्या पोटात उतरते. घाईघाईने ओतलेले दूध कोठीपोटात जाऊन नासते. म्हणूनच बोंडीची बाटली सोयीची ठरते. कासदाहासाठी प्रतिजैविके सुरू असलेल्या गायीचे दूध वासराला पाजू नये.

कोठीपोटाची वाढ

जन्मतः वासराचे कोठीपोट लहान आणि अविकसित असते. केवळ दुधावर त्याची वाढ होत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर खुराक समोर ठेवावा. धान्याच्या आंबण्यातून निर्माण होणाऱ्या आम्लांमुळे कोठीपोटाचे अस्तर विकसित होते. या खुराकात १८ ते २० टक्के प्रथिने असावीत. सुके, मऊ गवत त्याच्या जोडीला द्यावे. केवळ गवताने पोट सुटते, वजन वाढत नाही. स्वच्छ पाणी पहिल्या आठवड्यापासून समोर असावे, कारण दूध खऱ्या पोटात जात असल्याने कोठीपोटातील जिवाणूंना लागणारे पाणी दुधातून मिळत नाही.

पावसाळा आणि हगवण

गोव्यातील पावसाळ्यात ओली जमीन हे वासराच्या आजारांचे प्रमुख कारण ठरते. जन्मानंतर नाळेला आयोडीन लावावे आणि बसण्याची जागा कोरडी ठेवावी. हगवण लागल्यास दूध पूर्ण बंद करण्याची चूक अनेकदा होते. वासरू दगावते ते बहुधा शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून दूध सुरू ठेवून दोन पाजण्यांच्या मधल्या वेळेत क्षारयुक्त पाणी द्यावे आणि पशुवैद्यकाला बोलवावे. जंतनाशकाची मात्राही त्यांच्याच सल्ल्याने ठरवावी.

दूध तोडण्याची वेळ

केवळ वय पाहून दूध तोडू नये. सलग तीन दिवस वासरू सुमारे एक किलो खुराक खाऊ लागले की ते तयार झाले, असे समजावे. साधारणतः ८ ते १२ आठवड्यांत ही स्थिती येते. त्यानंतरही दूध एकदम न थांबवता आठवडाभरात कमी करत न्यावे.

दररोज २.५ लिटरप्रमाणे ७० दिवसांत वासरू १७५ लिटर दूध पिते. विक्रीच्या दुधातून एवढे वजा होताना हात आखडतो, हे स्वाभाविक आहे. मात्र तीच कालवड पुढे दिवसाला ८ लिटर दूध देऊ लागली, तर हे सारे दूध ती २२ दिवसांत परत करते.