ठराव आणि पाणी

पडद्यावर निषेधाचे चिन्ह डकवायचे आणि मोकळे व्हायचे, ही दिखाऊ चळवळ मोबाइलबरोबर जन्माला आली असे सर्रास म्हटले जाते. महाडचा इतिहास पाहिला तर हे पटत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले व्हावेत. सरकारने आदेश काढले, आणि १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. पुढची तीन वर्षे तळ्यावर काहीच बदलले नाही. ठराव करणाऱ्यांना त्याची झळ पोहोचली नव्हती, आणि ज्यांच्यासाठी तो केला ते पाण्यापर्यंत पोहोचू शकत नव्हते. १९ मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली तेव्हा मंडपातल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. खुल्या तळ्याच्या गावात!

दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. हेही एका अर्थाने प्रदर्शनच होते. तहान भागवणे हा काही हेतू नव्हता. पण त्याची किंमत काही तासांतच वसूल झाली. जमाव आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींना मारहाण झाली. पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. मग ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच दिवशी, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत बोलका वाटतो तो हाच निर्णय. जोवर कोणी तो वापरत नव्हते तोवर तो ठराव कोणालाच खुपत नव्हता. पाठिंबा खरा की देखाव्याचा, हे तो वापरायला माणसे येतात तेव्हा ठरते. तो कागदावर होता की रस्त्यावर, यावरून नाही.

यावर कोणी म्हणेल की मग कागदी ठरावाला काहीच मोल नाही. असे मुळीच नाही. बोले ठराव नसता तर तळ्यावर जाणाऱ्यांच्या हाती सरकारमान्य आधार नसता. पोकळ घोषणाही कधीकधी पुढच्या माणसाच्या कामी येते. वर्तमानपत्राचेही तेच. आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ ला, महाडनंतर दोन आठवड्यांनी सुरू झाले, आणि तळ्यावरचा प्रसंग गावाबाहेरच्या वाचकांपर्यंत गेला. आधी कृती, मग छापील शब्द, आणि त्या शब्दांनी डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेसाठी तयार केलेली माणसे, असा तो क्रम होता. याउलट २ जून २०२० ला अमेरिकेतल्या वंशभेदविरोधी आंदोलनाच्या वेळी समाजमाध्यमांवर पाठिंब्याचे चिन्ह म्हणून हजारो काळे चौकोन आंदोलनाच्याच हॅशटॅगखाली टाकले गेले आणि मोर्चांची, मदतीची उपयुक्त माहिती त्यांखाली दडपली गेली. तिथे शब्दाने कृतीची वाट अडवली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली; पुस्तक जाळून कोणाच्या पदरात काय पडते? हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला, आणि आंबेडकरांनी विलायती कापडाच्या होळीकडे बोट दाखवले. पण कापड जाळणारा आपल्या खिशाला चाट लावतो, पुस्तक जाळणाऱ्याचा खर्च कोणता? माझ्या मते तो महाडच्याच परिस्थितीत शोधावा. परिषदेच्या तोंडावर विरोधक न्यायालयात गेले होते आणि तळ्यावर जाण्यास मनाईहुकूम मिळाला होता. गावात जागा मिळेना, तेव्हा एका मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. परतून जिथे नांदायचे त्या गावातल्या बहिष्काराची भीती मनात ठेवूनच माणसे त्या होळीभोवती उभी होती. त्यांनी मनाई मोडली नाही. तळ्याचा प्रश्न कज्ज्यात गेला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो त्यांच्या बाजूने सोडवायला १९३७ चा मार्च उजाडला.